ध्यानात लागलेली डुलकी म्हणजे समाधी नव्हे

'ध्यानाला बसल्यावर झोप लागली तर समजा समाधी लागली. असं एक तासाचं ध्यान म्हणजे चार तासांची झोप', असा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. दिलासा देणारा आहे खरा, पण चुकीचा.

पतंजलींनी योगसूत्रांत निद्रेला चित्ताच्या पाच वृत्तींमध्ये, म्हणजे मनाच्या हालचालींमध्ये, गणलं आहे (१.६ आणि १.१०), आणि योग म्हणजे वृत्तींचा निरोध, त्या थांबणं. मग निद्रा हीच समाधी कशी? बौद्ध परंपरेत तर 'थीनमिद्ध', म्हणजे सुस्ती आणि पेंग, हे ध्यानाच्या पाच अडथळ्यांपैकी एक.

अंगुत्तर निकाय या बौद्ध ग्रंथात बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान साधनेत पेंगताना दिसतात. बुद्ध त्यांना रागवत नाहीत, उपाय सांगतात: कानाच्या पाळ्या ओढ, हातपाय चोळ, डोळ्यांवर पाणी मार, चांदण्यांकडे बघ, येरझारा घाल. एवढं करूनही झोप हटली नाही तर? उजव्या कुशीवर सरळ आडवा हो, उठायची वेळ मनाशी ठरवून! (हा शेवटचा उपाय मला सर्वांत आवडतो.)

इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात पहाटे चारला घंटा होते, साडेचारला बैठक. तिथे पेंग येणं अगदी स्वाभाविक. त्यात लाज नाही, पण सिद्धीही नाही. मान लटकली, ऐकू येणं बंद झालं, जाग आल्यावर मधलं काहीच आठवेना, तर ती साधी झोपच.

आणि चार तासांचा हिशेब? ध्यानाने झोपेची भरपाई होत नाही. गीतेतही (६.१६) फार झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसाच फार जागणाऱ्यालाही नाही, असंच म्हटलंय.