जत्रेची वेबसाइट : पायथन की पीएचपी?

विषय निघाला दशावताराचा. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात, पण कुठल्या गावात कोणाचं नाटक आहे ते कळायला व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड उपसावे लागतात. फुकटात एक वेबसाइट करूया, यावर मालवणच्या धक्क्यावर आमचं चौघांचं लगेच एकमत झालं. तेवढंच. ती कुठल्या प्रोग्रामिंग भाषेत लिहायची, यावर वाद सुरू झाला.

सुट्टीवर आलेला पुणेकर बंड्या म्हणाला, "रस्टमध्ये करू. कसली फास्ट चालेल!"

"साईट खय शर्यतीक जावची आसा?" झेरॉक्सवाले दाजी.

रस्ट तिथेच बुडालं. मग ताईने पायथन काढलं. ती शाळेत संगणक शिकवते, त्यामुळे बाजू नीट मांडते. जँगो हे पायथनचं फ्रेमवर्क (वेबसाइटचा तयार सांगाडा) अमेरिकेतल्या कॅन्सासमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झालं आणि २००५ साली सर्वांसाठी खुलं झालं; माहिती भरायचा फॉर्म त्यात जवळजवळ तयारच मिळतो. शिवाय देवनागरी. 'मासा' या शब्दाची लांबी पायथन ३ चार सांगतं (दोन अक्षरं, दोन काने), पीएचपीचं लांबी मोजणारं साधं स्ट्रलेन फंक्शन बारा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आपल्या प्रत्येक अक्षर-चिन्हाला तीन बाइट लागतात आणि स्ट्रलेन बाइटच मोजतं. गावाचं नाव भलत्या बाइटवर कापलं की शेवटी कचरा दिसतो.

"त्याका एमबीवाली फंक्शनां आसत गो," दाजी म्हणाले. खरं आहे, ती बाइटऐवजी अक्षर-चिन्हं मोजतात, पण आठवणीने वापरावी लागतात.

बंड्याला भलताच हुरूप आला. पायथनमध्ये पंचांगाचं गणित करू, तिथीवरून तारखा आपोआप येतील.

"आंगणेवाडीची कशी येतली?"

इथे बंड्या अडकला. भराडीदेवीची जत्रा तिथीला बांधलेली नाही. देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. ती कुठल्याच भाषेत काढता येणार नाही, माणसानेच भरायला हवी. माझ्या मते खरा वाद इथेच मिटला होता, पण कट्ट्यावर असं कोण म्हणू देतो!

दाजींचं म्हणणं सरळ होतं. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइट्स मिळून वापरतात त्या भाड्याच्या सर्व्हरवर) पीएचपी आधीच असतं. फायली चढवल्या की चालू. विकिपीडिया त्यावरच चालतो, मग आपल्या जत्रांना काय धाड भरलीय? आणि त्यांच्या दुकानातल्या दोन डिप्लोमावाल्या पोरांना ते येतं. "तू पुण्याक गेलंस की बंद पडलेली साईट कोण उठवतलो?"

यावर उत्तर नव्हतं. गावाची आधीची साइट अशीच गेली. डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव) ज्याच्या नावावर होतं तो परदेशी गेला, नूतनीकरण राहिलं. ती कुठल्या भाषेत लिहिली होती, ते आज कोणाला आठवतही नाही.

पीएचपी ठरलं. ताईने अट घातली : डेटाबेस यूटीएफ८एमबी४ म्हणजे पूर्ण यूटीएफ-८ मध्ये हवा आणि फॉर्म मोबाइलवर भरता आला पाहिजे. डोमेन मंडळाच्या नावावर. बंड्याचं पंचांग फक्त अंदाजापुरतं, मानकऱ्यांनी हो म्हटल्याशिवाय तारीख दिसणार नाही.

मग मानकऱ्यांना फोन कोण करणार, असं मी विचारलं. सगळ्यांनाच एकदम घरची आठवण झाली.