वहिनींच्या ट्यूबबद्दल, जरा सविस्तर

ताई, रोजेशिया (चेहऱ्यावर वारंवार लाली आणि पुरळ आणणारा त्वचेचा आजार) हा गोऱ्या लोकांचा आजार, मी उगाच त्याचा बाऊ करते, आणि तुमच्या वहिनींचा चेहरा तर मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने आठवड्यात साफ झाला, असं तुम्ही लिहिलंत. राग समजला. पण त्या ट्यूबचीच मला काळजी वाटते.

लाली, पुरळ, खाज एवढं सगळं इतक्या झटपट घालवणाऱ्या ट्यूबमध्ये बरेचदा स्टेरॉइड असतं. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं, तर ते स्टेरॉइडच. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं, दाह दाबतं, म्हणून चेहरा नितळ दिसतो. आजार मात्र आत तसाच राहतो. महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते, लाल रेषा उमटतात, आणि लावणं थांबवलं की लाली पहिल्यापेक्षा जोरात उसळते. घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब हातात घेतो. रोजेशिया कधीच नव्हता अशांचाही चेहरा यामुळे तसाच होऊ शकतो. वहिनी बरेच दिवस लावत असतील, तर एकाएकी बंद करायला सांगू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. कशी थांबवायची ते तेच ठरवतील.

आता ‘गोऱ्यांचा आजार’. सावळ्या त्वचेतही तो होतो; तिथे लाली नजरेत भरत नाही, म्हणून निदान उशिरा होतं. तिथे रंगापेक्षा त्रासाकडे बघावं लागतं: ऊन, गरम पेय, तिखट, मद्य किंवा मनस्ताप झाला की चेहरा तापतो का, साधा साबणही झोंबतो का.

एकच क्रीम सांगून मोकळी हो, असंही तुम्ही म्हणता. ते मी करणार नाही, कारण लाल चेहऱ्यामागचे आजार वेगवेगळे असतात. मुरुमांत ब्लॅकहेड्स असतात, रोजेशियात नसतात. भुवयांत आणि नाकाच्या कडेला तेलकट खपल्या असतील तर तो बहुधा सेबोऱ्हिक डर्माटायटिस, त्याला बुरशीविरोधी औषध लागतं. आणि गालांवर लाली, पण नाकापासून ओठांकडे उतरणाऱ्या घड्या कोऱ्या, जोडीला सांधेदुखी किंवा ताप, असं असेल तर ल्युपसची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराची) तपासणी हवीच. लांबून हे सगळे चेहरे ‘लाल’च दिसतात.

रोजेशिया कायमचा जात नाही, पण बहुतेकदा आटोक्यात राहतो. मेट्रोनिडाझोल, अझेलेइक ॲसिड, 1 टक्का आयव्हरमेक्टिन ही लावायची औषधं. पुरळ जास्त असेल तर डॉक्टर कमी मात्रेत डॉक्सिसायक्लिनही देतात. पुरता फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. याच काळात कंटाळून लोक झटपट ट्यूबकडे वळतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. सौम्य क्लेन्झर, मॉइश्चरायझर आणि रोज सनस्क्रीन हवंच. झिंक ऑक्साइडचं सहसा कमी झोंबतं.

वहिनींना डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं का, पापण्यांच्या कडा सुजतात का, हेही विचारा. रोजेशिया डोळ्यांतही होतो, कधी चेहऱ्याच्या आधी. दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे लगेच न्या.