डबा मॉनिटर सरस होता, पण एकाच बाबतीत

‘सीआरटीसारखं चित्र आजच्या एकाही एलसीडीला किंवा ओएलईडीला जमत नाही. काळा रंग, रंगांचा खरेपणा, रेखीवपणा, वेग, सगळ्यात डबा मॉनिटरच वरचढ. कंपन्यांनी जागा वाचवायच्या नावाखाली हलका माल गळ्यात मारला’ असा दावा जोरात फिरतोय. सीआरटी म्हणजे काचेची पिक्चर ट्यूब असलेला जुना डबा मॉनिटर; एलसीडी आणि ओएलईडी हे आजच्या सपाट पडद्यांचे दोन प्रकार. पुरावा म्हणून नाव पुढे केलं जातं ते सोनीच्या जीडीएम-एफडब्ल्यू९०० या सीआरटी मॉनिटरचं.

गडबड इथूनच सुरू होते. एफडब्ल्यू९०० म्हणजे २४ इंची, २३०४ × १४४० रिझोल्यूशनला ८० हर्ट्झ देणारं (म्हणजे सेकंदाला ८० वेळा चित्र नव्याने काढणारं), चाळीस किलोंच्या वरचं व्यावसायिक धूड. आपल्या सायबर कॅफेंत असायचे ते १४-१५ इंची, कोपऱ्यात अक्षरं फिसकटलेले, आणि सेटिंगला कुणी हातच न लावल्यामुळे ६० हर्ट्झवर लुकलुकणारे. दाव्यात एका पारड्यात एफडब्ल्यू९०० आहे आणि दुसऱ्यात वीस वर्षांपूर्वीचं टीएन पॅनेल, म्हणजे स्वस्तातल्या एलसीडीचा प्रकार, ज्यावर मान जरा हलवली की रंग बदलायचे. अशा तुलनेत कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं.

काळ्या रंगाचं म्हणणं अर्धं खरं आहे. अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळा पडदा दाखवला तर सीआरटी साध्या आयपीएसला (आजच्या एलसीडीचा एक प्रकार) सहज हरवतो. आयपीएसच्या मागचा दिवा विझत नाही, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्याच्या उजेडाचं प्रमाण) साधारण १०००:१, त्यामुळे काळ्याच्या जागी राखाडी दिसतं. पण त्याच पडद्यावर एखादी पांढरी विंडो उघडा. पिक्चर ट्यूबच्या जाड काचेत उजेड पसरतो आणि शेजारचा काळा भाग धुरकटतो. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतंत्रपणे विझतो, शेजारी काहीही असो. तेव्हा दाव्यातला ‘किंवा ओएलईडीला’ हा भाग सरळ चूक.

रंगांचं तर नवलच. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ साली मांडलेलं एसआरजीबी हे रंगांचं मानक त्या काळच्या सीआरटीला धरूनच बेतलेलं होतं. आजचा बरा मॉनिटर ते पूर्ण व्यापतो, आणि पी३सारख्या त्याहून मोठ्या रंगपट्ट्यातही बराच शिरतो.

रेखीवपणात सीआरटीची बाजू आणखी लंगडी. लाल, हिरवा, निळा या रंगांसाठीचे इलेक्ट्रॉनचे तीन झोत कोपऱ्यात नेमके एका जागी पडतीलच याची खात्री नसे. सोनीच्या ट्रिनिट्रॉन जातीच्या ट्यूबवर आधाराच्या बारीक तारांची आडवी सावली दिसायची, ती वेगळीच. एक गोष्ट मात्र मान्य: सीआरटीला ठरलेले पिक्सेल नसतात. त्यामुळे ६४० × ४८०चा जुना गेम त्यावर स्वच्छ दिसतो. एलसीडीवर तोच ताणला जाऊन धूसर होतो.

आता वेग. इथे दावा करणाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण कारण ते चुकीचं देतात. ‘एलसीडीचे पिक्सेल मंद असतात’ हे जुनं उत्तर. ओएलईडीचे पिक्सेल तर क्षणार्धात बदलतात, तरीही ६० हर्ट्झवर सरकतं चित्र फरकटतंच. खरं कारण चित्र धरून ठेवण्यात आहे. सीआरटीवर झोत पडला की फॉस्फर, म्हणजे काचेच्या आतला चमकणारा थर, क्षणभर चमकतो आणि जेमतेम मिलिसेकंदभरात मावळतो. आजचा पडदा तेच चित्र पुढची फ्रेम येईपर्यंत, म्हणजे ६० हर्ट्झला १६.७ मिलिसेकंद, तसंच उजळ ठेवतो. डोळा सरकत्या वस्तूमागे चाललेला, चित्र जागच्या जागी थांबलेलं. त्यामुळे ते डोळ्यात फासलं जातं. सेकंदाला ९६० पिक्सेल सरकणारी वस्तू ६० हर्ट्झला १६ पिक्सेल फासते, २४० हर्ट्झला ४, ४८० हर्ट्झच्या ओएलईडीवर २. सीआरटीवर जवळपास एकच. शिवाय ४८० हर्ट्झचा फायदा हवा तर गेमनेही तितक्या फ्रेम द्यायला हव्यात, आणि ६० फ्रेमला बांधलेला जुना गेम त्या देत नाही. दोन फ्रेमच्या मध्ये पडदा काळा करण्याची सोय काही मॉनिटरांत असते, पण तिच्यात उजेड घटतो आणि लुकलुक परत येते.

‘सीआरटीला विलंब शून्य’ हेही अतिशयोक्तच. झोत वरून खाली रेघ-रेघ काढत जातो, म्हणून ६० हर्ट्झला तळाची रेघ वरच्या रेघेनंतर सुमारे १६ मिलिसेकंदांनी उमटते.

हे वाचून कुणी जुन्या बाजारातून सीआरटी आणायला निघालाच असेल, तर त्याची पिक्चर ट्यूब वीस वर्षं वापरून मंदावलेली असू शकते हे धरूनच घासाघीस करावी. आणि मागचं झाकण स्वतः उघडू नये: आत वीस हजार व्होल्टच्या पुढचा विजेचा दाब असतो, आणि वायर काढल्यावरही तो बराच वेळ टिकून राहू शकतो.