तो चिमटा छळाचा नाही, साखरेचा आहे

काळपट लोखंडी चिमट्याचा एक फोटो सध्या फिरतोय. ‘युरोपात कैद्यांची बोटं छाटायचं हत्यार’ असं त्याखाली लिहिलंय. फोटो खरा आहे, मजकूर चुकीचा. ही साखर फोडायची कात्री आहे.

तिकडे पूर्वी साखर शंकूच्या आकाराच्या घट्ट ढेपेत मिळायची, बहुधा निळ्या कागदात गुंडाळलेली. दाट पाक साच्यात ओतायचा, टोकाच्या भोकातून मळी निथळू द्यायची, मग उरे तो दगडासारखा गड्डा. तो आधी हातोडीनं फोडत आणि चहाजोगे तुकडे या कात्रीनं करत.

फोटो मोठा करून पाहा. दोन्ही पाती बाकदार आहेत आणि धारेला धार भिडते. अडकित्त्यात पातं सपाट भागावर दाबलं जातं, तसं इथे नाही. मुठींमध्ये स्प्रिंग आहे, म्हणजे एकामागून एक तुकडे तोडताना कात्री आपोआप उघडते. मुठीच्या आतल्या बाजूला छोटा खुंटही दिसेल. तो वापरणाऱ्याची बोटं चिमटू नयेत म्हणून. बोटं छाटायच्या हत्यारात एवढी काळजी कोण घेईल? अशाच काही कात्र्या लाकडी पाटावर बसवलेल्या असत, एका हातानं चालवता याव्यात म्हणून.

1843 मध्ये याकुब क्रिष्टोफ राड यांनी मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) दाचित्से इथे साखरेच्या चौकोनी वड्या पाडायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे तयार वड्या सर्रास मिळू लागल्या आणि या कात्रीचं काम संपलं.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासा टाका.