वत्सलाबाई कोण?

"वत्सलाबाई कोण?" असा पुकारा झाला की आजूबाजूला बसलेली माणसे आपोआप सत्तरीपलीकडच्या कोणा बाईंकडे पाहू लागतात, आणि मी उभी राहिले की पुकारणाऱ्याच्या चेहऱ्यावर फसगत झाल्याचा जो भाव उमटतो, तो मी पहिलीत गेल्यापासून पाहत आले आहे. मागच्या महिन्यात राजगड उतरताना गुडघा दुखावला म्हणून एका रुग्णालयात एक्स-रे काढायला गेले, तर तिथला मदतनीस माझे नाव वाचून व्हीलचेअर घेऊनच आला. ती खुर्ची माझ्यासमोरून दोनदा फिरवून त्याने माझ्या मागे बसलेल्या एका वृद्ध बाईंना "चला आजी" म्हणत दंडाला धरून उठवले. त्या बिचाऱ्या नवऱ्यासोबत आल्या होत्या आणि त्यांचे नाव मंगला होते. मीच वत्सला, असे सांगितल्यावर त्याने कागदावरचे वय पाहिले, मला पाहिले आणि तो म्हणाला, "छापताना चुकलंय बहुतेक." छापताना काहीही चुकलेले नव्हते. जे चुकले ते १९९२ साली साताऱ्याच्या आमच्या घरात, पाळण्याशी चुकले.

मराठी बायकांच्या नावांना दशके चिकटलेली असतात, आणि हे आपल्याला ठाऊक नाही असा आव कोणी आणू नये. गोदावरी, द्वारका, यमुना म्हटले की नऊवारी डोळ्यांपुढे येते. वत्सला, कुसुम, मालती, शकुंतला, इंदुमती या स्वातंत्र्याच्या आगेमागे पाटीवर मुळाक्षरे गिरवलेल्या बायका. सुनंदा, उषा, मंगला या आता निवृत्त होऊन सकाळी बागेत फिरणाऱ्या. वैशाली, मनीषा, संगीता या पन्नाशीला टेकलेल्या. माझ्या वयाच्या मुली म्हणजे स्नेहल, प्रियांका, अश्विनी, सायली आणि अर्थातच पूजा. माझ्या वर्गात चार पूजा होत्या. आपल्याला आडनावाने ओळखावे लागते म्हणून त्या कुरकुरत असत, आणि मला मात्र देवाशपथ पाचवी पूजा व्हायचे होते.

हे नाव कसे ठेवले गेले, ते ऐकले तर माझा राग अतिरेकी वाटणार नाही. वडिलांची आई माझ्या जन्माआधी चार महिने वारली. मुलगी झाली म्हणताच "वत्सला परत आली" असे कोणीतरी म्हणाले, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि विषय संपला. आईने म्हणे 'सायली' हे नाव मनात योजून ठेवले होते, पण बाळंतिणीला कोण विचारतो? खरी गंमत पुढेच आहे. सासूचे नाव सुनेने उच्चारायचे नाही, अशी आमच्या घराची रीत. त्यामुळे ज्या बाईने मला जन्म दिला तिने मला आजतागायत एकदाही नावाने हाक मारलेली नाही. ती मला 'बेबी' म्हणते. वडील आईचे नाव घेऊन मुलीला रागावणार कसे, म्हणून तेही 'बेबी'च म्हणतात. म्हणजे घरातल्या एकालाही जे नाव तोंडाने घेता येत नव्हते, तेच त्यांनी हौसेने माझ्या जन्मदाखल्यावर लिहवले आणि मग ते हजेरी घेणाऱ्या बाईंच्या, कारकुनांच्या आणि कुरिअरवाल्यांच्या स्वाधीन केले. स्मृती त्यांच्या आईची, भावना त्यांच्या, आणि ओझे मात्र जिला अजून मानही धरता येत नव्हती तिच्या डोक्यावर.

शाळेत मी 'वच्छी' होते, 'वत्सलाबाई' होते, स्नेहसंमेलनातल्या प्रत्येक नाटकात आजी होते. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात विक्रीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि त्या जूनमध्ये वर्गातल्या एका व्यापाऱ्याच्या मुलाने माझे नाव 'व्हॅट' ठेवले. पुढे २०१७ साली जीएसटी आला आणि देश त्या करातून बराचसा सुटला. मागे राहिले ते पेट्रोल, दारू आणि मी, कारण शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मला आजही 'व्हॅट'च म्हणतात. लोक सुचवतात की नाव लहान करून घ्यावे. मुलग्यांना ते जमते. दत्तात्रयचा डीटी होतो, ज्ञानेश्वरचा डॅनी झालेला मी पाहिला आहे. वत्सलाचे काय होते? वत्सू. म्हणजे आजीची मैत्रीण.

मोठी झाल्यावर या प्रकाराला सरकारी शिक्का बसला. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला द्यायचा असतो, आणि दर नोव्हेंबरात बँकेत माझा क्रमांक आला की खिडकीमागची व्यक्ती मला सांगते की आजींना स्वतः यावे लागेल, सही जमत नसेल तर अंगठा चालेल. मी गृहकर्जाच्या चौकशीसाठी गेलेली असते. कुरिअरवाला दाराशी येऊन "आजींच्या मोबाईलवर ओटीपी आलाय, तेवढा विचारून सांगता का?" म्हणतो. घरात काम मागायला आलेल्या बाईंनी "म्हातारीचं पण करावं लागेल का? मग पैसे वेगळे" असे विचारले होते, कारण पाटीवर माझे नाव वाचून त्यांनी अंथरुणाला खिळलेली एक सासू गृहीत धरली होती. फोनवरून लुबाडणारे भामटेसुद्धा याच हिशेबाने चालतात. "माताजी, आपका केवायसी" अशी आर्जवी सुरुवात होते, आणि मी तोंड उघडून दोन वाक्ये सुनावली की पलीकडचा गडबडून विचारतो, "वत्सलाजी घर पे नहीं हैं क्या?" चोरालाही मी माझ्या नावाची वाटत नाही.

पण या सगळ्यांचा मला येतो तो कंटाळा. संताप येतो तो "अय्या, किती गोड नाव! जुनी नावं आता परत येताहेत ना!" म्हणणाऱ्या मैत्रिणींचा. परत आली आहेत ती रमा, मीरा, ईरा, राधा. दोन अक्षरांची, आगगाडीच्या डब्यात कोणत्याही प्रांताच्या माणसाला उच्चारता येतील अशी. वत्सला, शकुंतला, प्रमिला यांना कोणीही परत बोलावलेले नाही, आणि ज्या बाई मला हे गोडवे ऐकवतात त्यांची स्वतःची मुलगी हटकून मायरा नाहीतर कियारा असते. इतके गोड आहे तर तुमच्या मुलीला का नाही चिकटवले, असे विचारले की "अगं, आमच्या घरी त्या नावाचं कुणी नव्हतं" असे उत्तर मिळते. मायरा नावाची तुमची कोण पणजी होती? जाणकार गृहस्थ आणखी एक पायरी पुढे जातात आणि वत्सला ही बलरामाची मुलगी व अभिमन्यूची पत्नी, हे मला नव्याने समजावून देतात. ठाऊक आहे. लग्नाच्या वेळी तिच्या जागी तिचे रूप घेऊन घटोत्कच बसला होता, हेही ठाऊक आहे. तीन वर्षे दर रविवारी स्थळे येत होती, पण माझ्या जागी बसायला कोणताही घटोत्कच आला नाही.

त्या स्थळांनी तर कळसच केला. एका घरी मुलाच्या आजीचे नाव वत्सला होते, आणि त्या आजी हयात होत्या. मुलाच्या आईने चहाचा कप खाली ठेवून अगदी समजूतदारपणे सांगितले, "नावाची काळजी नको, लग्नात बदलून घेऊ. आमच्याकडे तशी पद्धतच आहे." म्हणजे मी स्वतः बदलायचे म्हटले तर आजीचा अपमान होतो, वडील दोन दिवस जेवत नाहीत, आणि परक्या घरचा मुलगा ताटातल्या तांदळावर अंगठीने दुसरे नाव लिहील म्हटले की तेच वडील मान डोलावतात. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी घरात जे बोलले, ते इथे लिहिता येण्याजोगे नाही.

बोलणे संपल्यावर आजीची धाकटी बहीण, जी तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती, कोपऱ्यातून शांतपणे म्हणाली, "आमची ताई वत्सला नव्हतीच गं. आम्ही तिला अंबू म्हणायचो. वत्सला हे तुझ्या आजोबांनी तांदळात लिहिलं. तिला ते अजिबात आवडायचं नाही. माहेरी कुणी वत्सला म्हटलं तर ओ द्यायची नाही."

मी आणि वडील, दोघेही गप्प बसलो. चोवीस वर्षे मी जिची आठवण म्हणून मिरवले जात होते, तिने ते नाव कधी आपले मानलेच नव्हते. सोळाव्या वर्षी सासरच्या उंबऱ्यात तिच्यावर लादलेले नाव तिने निमूटपणे वापरले, आणि ती गेल्यावर तिची सुटका झाली असे समजावे, तर चार महिन्यांत तेच नाव तिच्या नातीवर लादले गेले. एवढा मोठा गोतावळा जमला होता बारशाला. त्यातल्या एकालाही अंबू आठवली नसेल? अंबिका ठेवले असते तरी मी तक्रार केली नसती.

आता बदलून टाक, असे सांगणाऱ्यांनी ती यातायात एकदा करून पाहावी. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यायचा, मग त्याच्या प्रती घेऊन आधार, पॅन, पासपोर्ट, बँक, भविष्यनिर्वाह निधी, मतदार यादी अशी वारी करायची, आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर जुने नाव राहते म्हणून तो राजपत्राचा कागद पुढे जन्मभर जवळ बाळगायचा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. घरच्यांनी दहा मिनिटांत रडून घेतलेल्या निर्णयाची किंमत मी रजा काढून, रांगा लावून का चुकवायची? आणि चुकवली तरी आई मला 'बेबी'च म्हणणार आहे.

पुढच्या महिन्यात भावाच्या मुलीचे बारसे आहे. वडिलांनी आतापासूनच खाकरत विषय काढायला सुरुवात केली आहे, की त्यांची आजी फार कर्तबगार होती आणि तिचे नाव द्वारका होते. वहिनी माझ्याकडे पाहते आणि काही बोलत नाही. तिने काय ठरवले आहे, ते मी तिला एकटीला गाठून विचारून घेतले आहे. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो आणि या घरात आत्या मी एकटीच आहे. पाळण्यावर वाकून मी वहिनीने निवडलेले नाव सांगणार आहे, तेही पुढच्या खोलीत बसलेल्या वडिलांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. कुर्रर्र म्हणताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीतच आहे, तेव्हा त्या दिवशी ज्याला जेवढे जोरात घालायचे असतील तेवढे त्याने खुशाल घालावेत.