छोटा हॉर्न सबवूफर: "कोणताही वूफर बसवा" म्हणणाऱ्यांना उत्तर

घरी स्पीकर बांधणाऱ्या मंडळींत एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: छोट्या हॉर्न सबवूफरचं (वूफरचा बेस अरुंद गळ्यापासून रुंद तोंडाकडे पसरत जाणाऱ्या वाटेतून बाहेर काढणाऱ्या पेटीचं) कापून मिळणारं किट आणा, घरात पडून असलेला कोणताही १२ इंची वूफर त्यात बसवा, एका संध्याकाळी पेटी तयार. तेवढ्याच वॉटमध्ये चौपट आवाज, मोठ्या पेटीइतका खोल बेस. फिल्टर (नको असलेले हर्ट्झ अडवणारं सर्किट) लागत नाही, कारण हॉर्न स्वतःच फिल्टर. शिवाय आवाज लांबवर फेकला जातो, मग बंद किंवा रिफ्लेक्स (हवेसाठी भोक किंवा नळी ठेवलेली) पेटी हवीच कशाला?

मला हॉर्न मनापासून आवडतात, म्हणूनच हा मजकूर खटकतो. तो वाचून कुणीतरी हौसेने पेटी बांधतो, धडधाकट वूफर फाडून बसतो आणि पुढे आयुष्यभर हॉर्नच्या नावाने बोटं मोडतो. तेव्हा एकेक दावा तपासून पाहू.

"छोट्या पेटीतून मोठ्या पेटीइतका खोल बेस."

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. वूफरचा कोन, म्हणजे हवा हलवणारा शंकूसारखा पडदा, जड असतो आणि हवा फार हलकी. कोन पुढे आला की समोरची हवा दाबली जाण्याऐवजी बाजूला निसटते. ॲम्पने दिलेल्या शक्तीचा मोठा भाग व्हॉइस कॉइल (कोनाला जोडलेली तारेची गुंडाळी) तापवण्यातच जातो. हॉर्न ही निसटणारी हवा अडवतो. अरुंद गळ्यात ती कोनावर भार म्हणून बसते, आणि वाट हळूहळू रुंद होत गेल्यामुळे तो दाब बाहेरच्या मोकळ्या हवेपर्यंत नीट पोचतो. तोंडाभोवती तळहात धरून हाक मारतो, त्यातलंच हे तत्त्व.

पण हे काम कुठल्या हर्ट्झपर्यंत चालेल, ते हॉर्नच्या तोंडाचा आकार आणि त्याची लांबी ठरवतात. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे ४० हर्ट्झची लाट साधारण ८.६ मीटर लांब. मोकळ्या जागेत हॉर्नने ४० हर्ट्झपर्यंत पुरेपूर काम करावं असं वाटत असेल, तर त्याच्या तोंडाचा घेर जवळपास तेवढाच हवा. हिशेब केला तर तोंडाचं क्षेत्रफळ पावणेसहा चौरस मीटरच्या पुढे जातं. किटमधल्या पेटीचं तोंड अर्धा मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच धरलं, तरी ते भरतं पाव चौरस मीटर.

पेटी जमिनीवर ठेवली की लागणारं क्षेत्र निम्म्यावर येतं, भिंतीलगत जमिनीवर ठेवली की आणखी निम्मं, आणि कोपऱ्यात अष्टमांश, म्हणजे पाऊण चौरस मीटरच्या किंचित आत. अमेरिकी अभियंते पॉल क्लिप्श यांनी १९४०च्या दशकात आपला प्रसिद्ध हॉर्न कोपऱ्यासाठीच आखला तो यामुळे. खोलीच्या भिंतीच त्या हॉर्नच्या शेवटच्या भागाचं काम करतात. तरीही ती वस्तू कपाटाएवढी आहे.

मग छोट्या किटमधून ४० हर्ट्झ येतात तरी कुठून? घडी घालून बसवलेल्या नळीच्या अनुनादातून. ४० हर्ट्झच्या लाटेचा चौथा हिस्सा २.१५ मीटरच्या आसपास. एवढी लांबी दोन-तीन घड्यांत पेटीत बसते आणि तिथे आवाज उचलला जातो. बँडच्या (पेटी ज्या हर्ट्झच्या पट्ट्यात वाजते त्याच्या) वरच्या भागात पेटी हॉर्नसारखी वागते, खालच्या टोकाला नळीसारखी. ही तडजोड हुशारीची आहे आणि मला ती मान्यही आहे. पण मोठ्या हॉर्नचा सपाट (सगळ्या हर्ट्झना सारखा) प्रतिसाद तिच्याकडून मागू नये.

कार्यक्षमता, छोटी पेटी आणि खोल बेस या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात, हा नियम जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. (केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला एच तो यांचाच.) हॉर्नलाही त्यातून सूट नाही.

"तेवढ्याच वॉटमध्ये चौपट आवाज."

कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे दहापट शक्ती. चौपट वाटायला २० डेसिबल, म्हणजे शंभरपट. आता एखादा वूफर साध्या पेटीत दिलेल्या विजेच्या १ टक्का भागाचा आवाज करत असेल, तर हॉर्नमध्ये घालून त्याच वॉटमध्ये चौपट आवाज काढायला त्याला १०० टक्के कार्यक्षम व्हावं लागेल. कॉइल तापणार नाही, काहीच वाया जाणार नाही, असा वूफर अस्तित्वात नाही. छोट्या हॉर्नला काही डेसिबलचा फायदा होतो, तोही बहुतेक बँडच्या वरच्या भागात. तीन डेसिबल वाढले तरी अर्धा ॲम्प वाचला, हे कमी नाही. खरा फायदा सांगायला पुरेसा असताना फुगवून सांगण्याची गरजच काय?

"कोणताही १२ इंची वूफर चालतो."

या वाक्यामुळे सर्वांत जास्त नुकसान होतं.

१२ इंची वूफरच्या कोनाचं क्षेत्रफळ सुमारे ५३० चौरस सेंटिमीटर असतं. हॉर्नचा गळा त्याच्या निम्मा ठेवला, तर कोनाला निम्म्या वाटेतून हवा ढकलावी लागते. मोकळ्या पेटीत कधी न सोसलेला दाब त्याच्यावर पडतो. घरगुती सिस्टीममधल्या पातळ कागदी कोनाला हे झेपत नाही. आधी डस्ट कॅपच्या (कोनाच्या मधोमध असलेल्या गोल टोपीच्या) कडेला बारीक सुरकुती येते, मोठ्या आवाजात तीच जागा पुन्हा पुन्हा दुमडते आणि शेवटी कागद तिथेच तुटतो. वूफर पेटीच्या आत असल्यामुळे यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. नुसतं 'फट्' असं काहीतरी खरखरू लागतं आणि माणूस ॲम्पला दोष देतो.

कोन मजबूत असला तरी मोटर, म्हणजे मॅग्नेट आणि कॉइलची जोडी, मजबूत हवी. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या नावाने जे आकडे वूफरच्या डेटाशीटवर छापलेले असतात, त्यांतला क्यूटीएस इथे पाहायचा; तो जितका कमी, तितकी मोटरची कोनावर पकड घट्ट. ज्या हॉर्नमध्ये कोनाची पुढची बाजू वाटेत उघडते, त्याला तो कमी लागतो, साधारण ०.३च्या आसपास. बंद पेटीसाठी किंवा गाडीच्या डिकीसाठी बनवलेल्या कित्येक वूफरांचा तो ०.५च्या वर असतो. असा वूफर हॉर्नमध्ये गेला की एका ठिकाणी आवाज टेकडीसारखा वर येतो आणि बाकी बँड मरगळतो. ऐकणाऱ्याला वाटतं, एकच सूर गुणगुणतोय.

किटसोबत ज्या वूफरचं नाव दिलेलं असेल तोच घ्यावा. तो मिळत नसेल, तर हॉर्नचा आवाज आधीच आलेखात दाखवणारं डेव्हिड मॅकबीन यांचं हॉर्नरेस्प हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. किटची मापं आणि हाताशी असलेल्या वूफरचे आकडे त्यात भरा. आलेख वेडावाकडा आला, तर प्लायला गोंद लावायच्या आधीच कळलं. आणखी एक साधी गोष्ट बरेच जण विसरतात: मॅग्नेटची खोली मोजा. छोट्या पेटीत मॅग्नेटच्या मागे आतली फळी फार जवळ असते. वूफर बसत नाही हे पेटी चिकटवून झाल्यावर कळणं ही फार वाईट वेळ.

"एका संध्याकाळी पेटी तयार."

फळ्या कापून आणि खाचा पाडून आल्यामुळे करवतीचं काम वाचतं, हे खरं. जोडणीचं काम मात्र तसंच राहतं. आधी सगळ्या फळ्या गोंदाशिवाय जुळवून पाहाव्या लागतात, कारण १८ मिलिमीटर म्हणून मिळणारा प्लाय बऱ्याचदा प्रत्यक्षात किंचित पातळ असतो. मग खाच सैल पडते आणि तिथली फट गोंदाने भरून काढावी लागते. लाकडाचा साधा पांढरा गोंद पुरता पक्का व्हायला साधारण एक दिवस घेतो. ती घाई करू नये.

शेवटची बाजूची फळी बसवण्याआधी थांबा. वायर आतून ओढली का? टर्मिनल जागेवर आहे का? वूफरचे टी-नट (स्क्रू धरण्यासाठी लाकडात ठोकायचे नट) ठोकून झाले का? वूफर आत घालण्यासाठी ठेवलेल्या झाकणाच्या भोकातून तो आत जातो का? ही फळी एकदा बसली की आतल्या घड्यांपर्यंत हात पोचत नाही. तिच्या खाली येणाऱ्या प्रत्येक आडव्या फळीच्या कडेवर गोंदाची सलग, जाड रेघ हवी. मध्ये बोटभर जागा कोरडी राहिली, तर हवा एका घडीतून थेट दुसरीत पळते आणि हॉर्नची लांबीच बदलते.

गळती शोधायची सोपी रीत अशी: पेटी बंद करून बँडमधला एक सूर, समजा ५० हर्ट्झ, बेताच्या आवाजात लावा आणि ओलं बोट प्रत्येक सांध्यावरून, झाकणाच्या कडेवरून, टर्मिनलभोवती फिरवा. जिथे फुंकर लागते तिथे गळती. आतली गळती अशी सापडत नाही. त्यासाठी इम्पीडन्सचा (वूफर वेगवेगळ्या हर्ट्झवर विजेला करतो त्या विरोधाचा) आलेख काढावा लागतो. एक रेझिस्टर, संगणकाचं साउंड कार्ड आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर ते होतं. आलेखातली शिखरं हॉर्नरेस्पने दाखवलेल्या जागी आली की पेटी बरोबर जमली. एखादं शिखर दबलेलं किंवा सरकलेलं दिसलं, की आत कुठेतरी वाट फुटली आहे.

"हॉर्न स्वतःच फिल्टर, वेगळा लागत नाही."

टॅप्ड हॉर्न हा प्रकार टॉम डॅनली यांच्यामुळे गाजला आणि किटमध्ये तो बराच दिसतो. त्यात कोनाच्या दोन्ही बाजू एकाच वाटेत उघडतात. बँडच्या आत कोन आश्चर्य वाटावं इतका कमी हलतो, आणि हे या रचनेचं मोठं सुख आहे. पण ठरलेल्या हर्ट्झच्या खाली गेलं की कोनावर भारच उरत नाही. मग तो वेड्यासारखा मागेपुढे होतो, बाहेर आवाज जवळपास नसतो, आणि कॉइल मागच्या प्लेटवर आपटू शकते. मागे बंद कप्पा असलेल्या हॉर्नमध्ये त्या कप्प्यातली हवा स्प्रिंगसारखी कोनाला थोडं आवरते. टॅप्ड हॉर्नमध्ये तेही नाही. म्हणून हॉर्नच्या खालच्या टोकाच्या जरा खाली, ऑक्टेव्हला (हर्ट्झ निम्मे होण्यामागे) २४ डेसिबल उताराचा हाय-पास, म्हणजे खालचे हर्ट्झ अडवणारा, फिल्टर लावणं मी सक्तीचं मानतो.

वरच्या बाजूलाही फिल्टर हवा. एका टोकाला बंद असलेल्या सरळ नळीत अनुनाद विषम पटींवर येतात: ३५ हर्ट्झ असेल तर पुढचा १०५ला, मग १७५ला. पसरत जाणाऱ्या हॉर्नमध्ये या जागा सरकतात, पण शिखरं नाहीशी होत नाहीत. पुरुषाचं बोलणं पेटीतून 'हूं हूं' ऐकू येतं ते यामुळे. ८०-९० हर्ट्झच्या आसपास तीव्र उताराचा लो-पास, म्हणजे वरचे हर्ट्झ अडवणारा फिल्टर, लावला की हा त्रास बराच निवळतो.

"आवाज लांबवर फेकला जातो."

अर्धा मीटरच्या तोंडाला ४० हर्ट्झची ८.६ मीटरची लाट एका दिशेला वळवता येत नाही. ती सगळीकडे पसरते, आणि उघड्यावर अंतर दुप्पट झालं की इतर कुठल्याही पेटीसारखीच ६ डेसिबलने उतरते. काही जण म्हणतात, बेसची लाट 'पूर्ण व्हायला' अंतर लागतं; तसं असतं तर हेडफोनमध्ये बेस ऐकूच यायला नको होता.

मात्र लांबीचा एक परिणाम खरा आहे आणि तो मजकुरात कुठेच नाही. तीन मीटरच्या वाटेतून आवाज बाहेर यायला जवळपास ९ मिलिसेकंद जास्त लागतात. बाकीचे स्पीकर तेवढे मागे ओढले नाहीत, तर क्रॉसओव्हरपाशी (सबवूफर आणि बाकीचे स्पीकर दोन्ही वाजतात त्या हर्ट्झपाशी) आवाज एकमेकांना खातात आणि लोक म्हणतात, हॉर्नचा बेस संथ आहे. एव्ही रिसिव्हरमध्ये (होम थिएटरच्या ॲम्पमध्ये) सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा हॉर्नच्या लांबीएवढं जास्त टाका आणि पुन्हा ऐका.

"हॉर्न असताना बंद किंवा रिफ्लेक्स पेटी कशाला?"

चित्रपटासाठी २० हर्ट्झपर्यंत जायचं असेल, तर लाटेचा चौथा हिस्साच ४.३ मीटर होतो. तेवढी वाट घातलेली पेटी छोटी राहत नाही. तिथे जास्त हलणारा वूफर, बंद पेटी आणि दणकट ॲम्प हा मार्ग जागेच्या मानाने सरस. छोट्या हॉर्नचं राज्य ३५-४० हर्ट्झच्या वर, मोठ्या आवाजात, कमी वॉटमध्ये. तिथे तो ढोल-ताशाचा ठोका इतक्या सहजपणे देतो की साधी पेटी त्यापुढे धापा टाकते. एक किट बांधून आवडलं, तर दुसरं तसंच बांधा आणि दोन्हींची तोंडं एकमेकांना चिकटवून जमिनीवर ठेवा. दोन तोंडं मिळून एका मोठ्या तोंडासारखी वागतात आणि खालच्या टोकाला एकट्या पेटीत जो कमजोरपणा होता तो कमी होतो.