सात वर्षे म्हणजे किती दिवस?

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने पुण्याहून त्याच्या नोकरीच्या बाँडची चार पाने फोटो काढून पाठवली. पाचशे रुपयांच्या स्टँप पेपरवरचा तो मजकूर तीन वर्षांच्या सेवेची हमी मागतो, मुदतीआधी नोकरी सोडल्यास अडीच लाख रुपये भरायला सांगतो आणि पदवीचे मूळ प्रमाणपत्र तोवर कंपनीच्या ताब्यात राहील असे बजावतो. हे सारे त्याला सही करतानाच ठाऊक होते. त्याने लाल खूण केली होती ती तिसऱ्या पानावरच्या एका ओळीला: ‘बिनपगारी रजेचा कालावधी बाँडच्या मुदतीत धरला जाणार नाही.’ वडिलांच्या बायपासच्या वेळी त्याने 47 दिवस बिनपगारी रजा घेतली होती आणि ते दिवस आता मुदतीच्या शेपटाला जोडले गेले आहेत. “मामा, असं करता येतं का?” एवढेच त्याने खाली लिहिले होते.

मी वकील नाही. गेली एकोणीस वर्षे कॅलिफोर्नियात सँटा क्लारा खोऱ्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, त्यामुळे पुण्यातल्या बाँडवर मत देण्याचा माझा अधिकार तोकडाच आहे. तरीही ती ओळ मला ओळखीची वाटली, कारण हॉलिवूडमधल्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या 1936 च्या एका करारात असाच हिशेब होता आणि त्याला न्यायालयात आव्हान देणारी अभिनेत्री माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर असलेल्या सॅराटोगा गावात लहानाची मोठी झाली.

ऑलिव्हिया डी हॅव्हिलँडचा जन्म 1 जुलै 1916 रोजी टोकियोत, इंग्रज आईवडिलांच्या पोटी झाला. 1919 मध्ये आई दोन्ही मुलींना घेऊन कॅलिफोर्नियात आली आणि सॅराटोगात स्थिरावली. आज त्या गावाच्या मुख्य रस्त्यावर रविवारी सकाळी कॉफीच्या रांगेत उभे राहिले, तर हमखास मराठी कानावर पडते. तेव्हा मात्र हे खोरे जर्दाळू आणि आलुबुखारच्या बागांचे होते. ऑलिव्हिया शेजारच्या लॉस गॅटोसच्या हायस्कुलात शिकली, गावातल्या हौशी नाटकांतून उभी राहिली आणि 1934 मध्ये दिग्दर्शक मॅक्स राइनहार्ट यांच्या शेक्सपिअरच्या प्रयोगात बदली नटी म्हणून गेली असता तिला ऐनवेळी हर्मियाची भूमिका मिळाली. त्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्सने तिला सात वर्षांच्या करारात घेतले. पगार होता आठवड्याला 200 डॉलर. अठरा वर्षांच्या मुलीला तो आकडा किती मोठा वाटला असेल, हे आपल्याकडच्या कॅम्पस मुलाखतीतून बाहेर पडलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

पुढे नट एरॉल फ्लिनबरोबर तिने आठ चित्रपट केले. प्रेक्षकांना ही जोडी फार आवडे, पण त्या चित्रपटांत तिला करण्यासारखे फारसे नसे. नायकाने तलवार चालवायची आणि हिने गॅलरीतून काळजीने पाहायचे. मेलनीची भूमिका, जिच्यामुळे ती आजही जगाला आठवते, तिला दुसऱ्या निर्मात्याच्या ‘गॉन विथ द विंड’ (1939) मध्ये मिळाली, आणि त्यासाठी तिच्या स्टुडिओचे प्रमुख जॅक वॉर्नर तिला उसनी द्यायला तयार नव्हते. तेव्हा तिने त्यांच्या पत्नीला, अ‍ॅन वॉर्नर यांना, बेव्हर्ली हिल्समध्ये चहाला बोलावून गळ घातली, आणि परवानगी आली ती या वाटेने. साहेबाकडे अडलेले काम बाईसाहेबांकरवी करून घेण्याची कला केवळ आपल्याच कचेऱ्यांत नाही, हे वाचून मला बरे वाटले होते.

त्या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळवून ती वॉर्नरकडे परतली, तर पुन्हा तीच गॅलरी आणि तोच काळजीचा चेहरा. मग ती भूमिका नाकारू लागली. नाकारले की स्टुडिओ तिला ‘सस्पेन्शन’वर टाकी: पगार बंद, दुसरीकडे काम करण्यास मनाई, आणि ती भूमिका दुसऱ्या कोणी पुरी करीपर्यंतचा सगळा काळ कराराच्या शेवटी जोडायचा. या पद्धतीत सात वर्षांचा करार दहा वर्षेही चालू शकला असता आणि नाकारण्याचा प्रत्येक प्रसंग बेडी लांबवणारा ठरला असता. तिच्याआधी अभिनेत्री बेटी डेव्हिसने याच स्टुडिओविरुद्ध लढून पाहिले होते. 1936 मध्ये तो खटला लंडनच्या न्यायालयात चालला आणि ती हरली. त्यामुळे स्टुडिओविरुद्ध उभे राहण्याचा परिणाम काय होतो, हे ऑलिव्हियाला चांगलेच माहीत होते.

तिच्या 1936 च्या नव्या कराराची सेवा 5 मे 1936 रोजी सुरू झाली होती. 5 मे 1943 रोजी कॅलेंडरप्रमाणे सात वर्षे भरली, पण स्टुडिओच्या वहीत सस्पेन्शनचे 25 आठवडे शिल्लक होते. तिचे वकील मार्टिन गँग यांनी कॅलिफोर्नियाच्या कायद्यातले एक जुने कलम तिच्यापुढे ठेवले: वैयक्तिक सेवेचा करार काम सुरू झाल्यापासून सात वर्षांनंतर कामगारावर लादता येणार नाही. प्रश्न एवढाच होता की सात वर्षे म्हणजे कोणती? स्टुडिओ म्हणाला, प्रत्यक्ष काम केलेली. ती म्हणाली, भिंतीवरची. ऑगस्ट 1943 मध्ये तिने दावा लावला, तेव्हा वॉर्नरकडून इतर स्टुडिओंना पत्रे गेली आणि सुमारे दोन वर्षे तिला कोणीही काम दिले नाही. युद्धाचा काळ होता. ती अल्यूशियन बेटांपासून दक्षिण पॅसिफिकपर्यंत लष्करी इस्पितळांत जखमी सैनिकांना भेटत हिंडली.

डिसेंबर 1944 मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की सात वर्षे म्हणजे कॅलेंडरची सात वर्षे. मला त्या निकालातला दुसरा मुद्दा अधिक मोलाचा वाटतो. हे कलम लोकहितासाठी केलेले असल्यामुळे कामगाराने करारात सही करून हा हक्क सोडून दिला, असेही मालकाला म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. सही तर तिनेही केलीच होती, माझ्या भाच्याने केली तशी. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारास नकार दिल्यावर 1945 मध्ये विषय संपला, आणि हे कलम आजही ‘डी हॅव्हिलँड कायदा’ या नावाने ओळखले जाते.

सुटल्यावर तिने काय केले, हे पाहिले की आधीचे नकार कशासाठी होते ते कळते. 1946 च्या ‘टू ईच हिज ओन’ मध्ये कुमारी मातेपासून प्रौढ बाईपर्यंतचा प्रवास करून तिने पहिले ऑस्कर घेतले. 1948 च्या ‘द स्नेक पिट’ साठी ती मनोरुग्णालयांत जाऊन बसली, उपचार पाहत राहिली आणि पडद्यावर विस्कटलेल्या केसांनी, बिनरंगाच्या चेहऱ्याने उभी राहिली. 1949 च्या ‘द एअरेस’ने दुसरे ऑस्कर दिले. त्यातला शेवट मी कितीदा पाहिला आहे: पैशासाठी तिच्यामागे लागलेला, एकदा ऐनवेळी पळून गेलेला प्रियकर बाहेर दार ठोठावतो आहे, आत तिने मोलकरणीकडून कडी लावून घेतली आहे आणि हातात दिवा घेऊन ती जिना चढते आहे. चेहऱ्यावर राग नाही, सुटकाही धड नाही. वॉर्नरच्या गॅलरीत हे तिला कधी करता आले नसते.

हे सगळे आज आठवण्याचे कारण भाच्याचा बाँड आहे, तसेच 2025 मध्ये आपल्याकडे दीपिका पदुकोण यांच्या आठ तासांच्या पाळीच्या मागणीवरून झालेला गदारोळही आहे. माझ्या पुण्याच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तेव्हा चार दिवस दुसरा विषय नव्हता. ‘कोट्यवधी घेतात, मग बारा तास काम करायला काय होतं?’ हा बहुमताचा सूर होता आणि तो काढणाऱ्यांपैकी निम्मे स्वतः हिंजवडीहून रात्री नऊला घरी पोहोचणारे होते. मानधनाचा आकडा दाखवून अटींचा प्रश्न गप्प करण्याची ही युक्ती जुनी आहे. मात्र दुसऱ्या बाजूचे मित्र दीपिका यांना क्रांतिकारक ठरवू लागले, तेही मला पटले नाही. मोठ्या तारकेचे भांडण चित्रपट सोडण्याने किंवा सुटण्याने मिटते, आणि सेटवर पहाटे पाचला येणाऱ्या मेकअपच्या मुलीच्या पदरात त्यातून काही पडत नाही. ऑलिव्हियाही तारकाच होती, दोन वर्षे बिनकामाची राहू शकणारी होती. फरक एवढाच की तिच्या भांडणाचा निकाल कामगार कायद्याच्या पुस्तकात गेला, आणि ते पुस्तक मेकअपच्या मुलीचेही होते. केरळमध्ये सरकारने नेमलेल्या हेमा समितीने चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या स्थितीवर अहवाल दिला तो डिसेंबर 2019 मध्ये. लेखी करार नसणे, चित्रीकरणाच्या जागी स्वच्छतागृह नसणे अशा साध्या गोष्टीही त्यात नोंदल्या होत्या. तो लोकांसमोर आला ऑगस्ट 2024 मध्ये, तोही काही भाग वगळून.

आपल्याकडे असे भांडण कोणी केलेच नाही, असे मात्र नाही. ऑलिव्हियाच्या दाव्याच्या चार वर्षे आधी, 1939 मध्ये, पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी शांता आपटे उपोषणाला बसल्या होत्या, आणि वाद करारातल्या अटींचाच होता. दोनच वर्षांपूर्वी याच स्टुडिओच्या ‘कुंकू’मध्ये म्हाताऱ्या नवऱ्याशी लावून दिलेले लग्न नाकारणारी नीरा त्यांनी उभी केली होती. पडद्यावरच्या बंडाला टाळ्या देणारी संस्था आणि फाटकाबाहेरचे बंड यांची गाठ तेव्हाच पडली. पुढे त्यांनी प्रभात सोडली आणि 1940 मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ या पुस्तकात या धंद्याबद्दल रोखठोक लिहिले. ते फाटक आज फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात मोडते. मी कॉलेजात असताना लॉ कॉलेज रस्त्याने सायकलवरून रोज तिथून जात होतो, आणि मला हे कोणी सांगितले नव्हते. शांताबाईंचे उपोषण किस्सा होऊन राहिले. न्यायालयात गेले नाही, म्हणून कोणाला आधार म्हणून दाखवता आले नाही.

कायद्याचे बीज तर दोन्हीकडे एकच होते. भारतीय करार कायदा 1872 चा, आणि कॅलिफोर्नियाची दिवाणी संहिताही 1872 चीच. कोणालाही आपला धंदा वा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार निरर्थक, हे आपले 27 वे कलम न्यूयॉर्कचे वकील डेव्हिड डडली फील्ड यांच्या मसुद्यावरून घेतलेले आहे, आणि कॅलिफोर्नियाचे याच विषयावरचे कलमही त्याच मसुद्यातले. एकाच घरातल्या दोन बहिणी दोन गावी दिल्या, म्हणा ना. 1967 मध्ये कल्याणच्या एका रेयॉन कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार मोडून जास्त पगारावर कोट्याला गेला, तेव्हा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कराराची मुदत चालू असेतो अशी बंदी वैध ठरवली. मे 2025 मध्ये त्याच न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाख रुपयांचा बाँड उचलून धरला. पुन्हा भरती करण्याचा खर्च आणि संस्थेची गरज ही कारणे त्याने मान्य केली. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी नेमका उलटा कायदा झाला, आणि नोकरी सोडल्यास पैसे भरा असे सांगणारे, 1 जानेवारी 2026 पासून केलेले बहुतेक करार इथे बेकायदा ठरले.

यावरून इथे सगळे आलबेल आहे असे मी भाच्याला सांगितले असते, तर ते खोटे ठरले असते. इथला मालक मला बांधून ठेवत नाही, पण तो मला कधीही, कारण न देता, काढू शकतो. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाचे बॅज एका गुरुवारी दुपारी जेवून येईपर्यंत बंद झाले होते. शिवाय एच-वन-बी व्हिसावर आलेल्यांना नोकरी गेल्यावर साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर सामान बांधावे लागते. ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत मी नऊ वर्षे एकाच ठिकाणी मान खाली घालून काढली, ऑलिव्हियाच्या सात वर्षांहून दोन जास्त, आणि तिचा कायदा मला उपयोगाचा नव्हता, कारण मला बांधणारा कागद मालकाच्या करारापेक्षा वेगळा होता.

ऑलिव्हिया स्वतः पन्नाशीच्या दशकात पॅरिसला जाऊन राहिली आणि 26 जुलै 2020 रोजी 104 व्या वर्षी तिथेच वारली. जन्म जपानचा, रक्त इंग्रज, नागरिकत्व अमेरिकेचे, घर फ्रान्सचे. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाला तिचे उत्तर काय असे कोण जाणे. न्यायालयाची वाट मात्र ती विसरली नव्हती. शंभरी ओलांडताना, 2017 मध्ये, एका दूरचित्रवाणी मालिकेत आपले पात्र परवानगीशिवाय आणि खोट्या रंगात दाखवले म्हणून तिने दावा लावला. यावेळी कॅलिफोर्नियाच्याच अपील न्यायालयाने 2018 मध्ये तो फेटाळला, आणि कलाकृतीच्या स्वातंत्र्याचा विचार करता तो निकाल मला योग्यच वाटतो.

भाच्याला मी हे सगळे फोनवर सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग हिशेब सांगितला: कॅलेंडर धरले तर तो 14 मार्चला सुटतो, कंपनीची वही धरली तर 30 एप्रिलला. “वकिलाला विचारलंस का?” मी म्हणालो. “विचारलं. तो म्हणाला, लढता येईल. पण मामा, सर्टिफिकेट त्यांच्या कपाटात आहे.” तो 30 एप्रिलपर्यंत थांबणार आहे.